चष्मा, दिवा, मिरची

आमच्या घरात पसाऱ्याचं वावडं फक्त मला आहे, त्यामुळे सगळी व्यवस्थाही मलाच लावावी लागते. ठाण्यातल्या एका शाळेच्या ऑफिसात गेली सतरा वर्षं मी पटावरची नावं दुरुस्त करतेय. आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं. फॉर्मवर एखाद्या पोराचं नाव नुसतं 'सोनू' असं दिसलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते या स्वभावापायीच झालं.

गेल्या दिवाळीत मी नवा आयफोन घेतला आणि माझा जुना सासूबाईंना दिला. नवरा सूरज आयफोनवाला, मुलगी कृतिका त्याच्या जुन्या आयफोनवर, मीही तशीच. कळव्याच्या आमच्या घरात एकट्या आईच अँड्रॉइडवर राहिल्या होत्या. त्यांचा फोन कोपऱ्यात तडकलेला आणि पाठीला चिकटपट्टी. दोन वर्षांपूर्वी माझे सासरे गेले, त्याच्या थोडं आधी त्यांनीच तो घेऊन दिलेला.

"चालतोय की गो अजून," आई म्हणाल्या.

"आई, सगळे एका लायनीत आले की बरं पडतं. तुम्ही कुठे आहात ते मला ऑफिसात बसून दिसेल."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

रविवारी सकाळी बसून मी सगळं इकडचं तिकडे केलं. फोटो आले, व्हॉट्सॲप आलं, गणपतीतले व्हिडिओसुद्धा आले. नंबरही आले, आणि तिथे माझं डोकं फिरलं. एकाही नंबराला नाव नव्हतं. नुसती चित्रं. मासा, गाय, इंजेक्शन, रिक्षा, सूर्य, दिवा. सगळ्यात वर चष्मा.

"कृतिका! आजीच्या फोनशी काय खेळ मांडलायस?"

"मी हातपण नाही लावलेला, मम्मी."

मी अर्थातच विश्वास ठेवला नाही. आई आत लसूण सोलत होत्या. सगळं ऐकू जात असूनही त्या सोलतच राहिल्या.

मग मी एकेक नंबर माझ्या फोनशी ताडून पाहिला. रिक्षा म्हणजे विश्राम रिक्षावाला. सूर्य म्हणजे सूरज. दिवा म्हणजे आईंची थोरली बहीण, कल्याणच्या लक्ष्मीमावशी. आणि एक मिरची होती, लालभडक, देठासकट. ती मी निघाले. ती मी सगळ्यात आधी पुसली. मग रीतसर नावं घातली, आडनाव आधी: 'भुवड सूरज', 'भुवड ऋजुता', 'शिगवण लक्ष्मी'. चष्म्याचा नंबर सासऱ्यांचा होता. तो केव्हाच बंद झालेला, म्हणून काढून टाकला. शेवटी आईंना बोलावून यादी दाखवली.

"बघा, आता कसं स्वच्छ झालं."

त्या फोन लांब धरून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "छान केलंस."

त्यानंतर तो फोन टीव्हीशेजारी नुसता पडून राहायला लागला. वाजला की आई उचलायच्या, पण स्वतःहून कुणालाही लावायच्या नाहीत. विश्रामला बोलवायचं सोडून उन्हात रिक्षाची वाट बघत उभ्या राहायच्या. विचारलं तर म्हणायच्या, तेवढेच पाय मोकळे होतात. तोंडाने नाव सांगून फोन कसा लावायचा ते मी शिकवायला गेले, तर फोनला त्यांचं मराठी कळेना. "हा इंग्रज आहे, याच्याशी मला नाही बोलायचं," म्हणून त्यांनी तो पालथा घातला. मला वाटलं, रुसल्यात. आपला चांगला फोन काढून द्यायचा आणि वर यांचा रुसवाही आपणच झेलायचा! सूरजला मी हे दोनदा ऐकवलं.

तिसऱ्या आठवड्यात ऑफिसात फोन आला. लक्ष्मीमावशींचा मुलगा, म्हणजे आईंचा भाचा, महिपत.

"वहिनी, रखमामावशी आमच्यावर रागावलीय का?"

"का हो?"

"आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तारीख मावशीला माहीत होती. तरी एक फोन नाही. आई धड जेवत नाहीये. म्हणते, रखमा मला विसरली."

"मग लक्ष्मीमावशींनी करायचा ना फोन!"

"आमच्यात धाकटीने थोरलीला करायचा, तुम्हाला माहितीये. ती काय आता बदलणारेय?"

मला माहीत होतं. रोज दिवेलागणीला आईंचा फोन कल्याणला जायचा. तो बंद पडलाय हे मात्र माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

घरी आले ती तडतडतच. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"आई, सख्ख्या बहिणीचं ऑपरेशन, आणि तुम्ही फोन करत नाही? राग माझ्यावर आहे ना? मग माझ्यावर काढा. त्या माउलीने काय केलंय?" टीव्हीशेजारचा फोन उचलून मी त्यांच्या हातात कोंबला. "लावा. आत्ता, माझ्यासमोर."

त्यांचा अंगठा यादीवरून खाली गेला, वर आला, परत खाली गेला. शेवटी तो एका नावावर टेकला.

"बोला," फोनमधून पुरुषाचा आवाज आला, "कपडे न्यायला येऊ का?"

शिंदे लाँड्री. 'शिगवण लक्ष्मी'च्या शेजारीच होती.

मी हसणार होते. तेवढ्यात आईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मला हसू आलं नाही. निकाल हातात घेऊन माझ्या टेबलासमोर उभी राहणारी नापास पोरं मी दर वर्षी बघते. आईंचा चेहरा तसा झाला होता. मी फोन कट केला.

"आई, तुम्हाला वाचता येत नाही?"

"सही येते," त्या म्हणाल्या.

मी खालीच बसले. लग्न होऊन पंधरा वर्षं मी या घरात वावरतेय. सासरे रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायचे, अगदी जाहिरातींसकट, आणि ऑफिसच्या घाईत मला त्याचा वैताग यायचा. आई शेजारी बसून ऐकायच्या. सासरे गेल्यावर पेपर त्यांच्या मांडीवर असायचा. मला वाटायचं, आता त्या वाचतायत.

"मला बघायला आले ना," आई खाली बघत सांगायला लागल्या, "तेव्हा यांच्या काकांनी पेपर पुढे केला. वाच म्हणाले. माझा हातच पुढे जाईना. तर हे म्हणाले, काका, द्या इकडे, आज मीच वाचून दाखवतो. सगळे हसले. यांना तेव्हाच कळलेलं. चाळीस वर्षं रोज वाचलं माझ्यासाठी, पण कुणाला कळू नाही दिलं. फोन आणला तेव्हा आजारीच होते. पडल्या पडल्या एकेक चित्र मला विचारून लावलं."

आणि ते मी एका सकाळीत पुसलं होतं. वर 'स्वच्छ झालं' म्हणून दाखवलंही होतं. मला इतकी लाज वाटली की त्यांच्याकडे बघवेना. मग मी माझं नेहमीचंच केलं, व्यवस्था लावायला निघाले.

"मी शिकवते तुम्हाला. रोज अर्धा तास. दोन महिन्यांत तुम्ही..."

"नको गो. आता नको. मला लक्ष्मीशी बोलायचंय."

जुना फोन कपाटात होता. तो चार्जिंगला लावला आणि दोघी पलंगावर बसलो. त्याच्यात बघून मी एकेक चित्र नव्या फोनवर लावत गेले.

"सगळ्यात वर चष्मा होता," आई म्हणाल्या.

"आई, तो नंबर बंद आहे. दुसऱ्या कुणाला दिलाही असेल."

"मी कुठे लावणारेय? चष्म्याखाली दिवा, दिव्याखाली सूर्य. मी तिथूनच मोजते."

मी चष्मा वर लावला. खाली दिवा, सूर्य. मग मासा, गाय, इंजेक्शन झालं. मग मिरची आली.

"ही कुणाची आयडिया?"

"यांची," आई लगेच म्हणाल्या. गेलेल्या माणसावर ढकलायला त्यांना जराही वेळ लागला नाही. मी मिरची लावली.

त्यांनी चष्म्यावर बोट टेकवलं, एक घर खाली आणलं आणि दाबलं.

"लक्ष्मे? अगो, माझा फोन बिघडलेला. डोळा कसा आहे तुझा?"

पलीकडून मावशींचं रडणं मलाही ऐकू आलं. "डोळ्याला त्रास होईल, रडू नको," असं म्हणत आईही रडायला लागल्या. मी चहा टाकायला आत गेले. मलाही डोळे पुसायचे होतेच.

चहा पिताना त्या म्हणाल्या, "सूरजला सांगू नको."

"त्याला काय वाटणारेय, आई?"

"लहानपणी त्याच्या वह्या बघायचे मी. पानं उलटायचे आणि 'चांगलं लिहिलंयस' म्हणायचे. खूश व्हायचा. ते तसंच राहू दे."

संध्याकाळी सूरज घरी आला तेव्हा आई परत कल्याणला फोन लावून बसल्या होत्या. "काय झालेलं फोनला?" त्याने मला विचारलं.

"काही नाही. सेटिंग चुकलेलं. माझ्याकडून."

तो माझ्याकडे बघतच राहिला. हे वाक्य त्याने माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं असणार. तो गोष्टी वाचत नाही, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई लसूण सोलत बसल्या होत्या आणि घडी न मोडलेला पेपर त्यांच्या शेजारी पडला होता. मी तो उचलला.

"शाळेत मला भाषण करायचंय," मी सूरजला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं. "वाचायची जरा सवय करतेय." आणि मोठ्याने सुरू केलं. टेंभी नाक्याजवळ रस्त्याचं काम, अमुक दिवस वाहतूक बंद. मग खालची बातमी. ऑफिसला उशीर होत होता, म्हणून भराभर वाचत होते.

आईंचे हात थांबले.

"जरा हळू, मिरचे," त्या म्हणाल्या. "आणि जाहिराती सोडू नको."