धरणारे हात

पिंकी कळंबच्या मुलींच्या संघात कबड्डी खेळायची. सरावात तिला कधी कुणी पकडलं नव्हतं. आपण फार चपळ आहोत, असंच तिला वाटायचं. इंदापूरच्या स्पर्धेत मात्र परगावच्या पोरींनी पहिल्याच चढाईत कंबरेला मिठी मारून तिला आडवं केलं.

"लागलं का गं?" राजलक्ष्मीनं विचारलं. ती संघाची कप्तान होती.

"न्हाय. पर तुमी मला असं का धरत न्हाय?"

राजलक्ष्मीनं मान खाली घातली. "घरचे म्हणत्यात, बौद्धांच्या पोरीला शिवायचं न्हाय."

सोमवारच्या सरावात पिंकी मुद्दाम पोरींच्या मधोमध जाऊन उभी राहिली. दम संपेपर्यंत ती "कबड्डी, कबड्डी" म्हणत राहिली. राजलक्ष्मीचा हात जरासा उचलला गेला आणि तिथंच थांबला.