सत्ताविसावा ठिपका

ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी ऊन फार स्वच्छ होतं. फाल्गुनातलं, कोरडं, पांगाऱ्याच्या लाल फुलांवरून खिडकीत उतरलेलं. खगोल संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जनार्दन मेस्त्री लेथवर पितळ कातत होता. पितळेचा सोनेरी कीस पायाशी पडत होता.

फोन बेंगळुरूहून आला. परिषदेला गेलेली त्याची बायको सुमती भाषण संपवून खुर्चीत बसली, ती उठलीच नाही. लेथ फिरत राहिला. कीस पडत राहिला. बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

तिचा अभ्यासाचा तारा एकच. सूर्यासारखा, पण कोवळा. अवघ्या साठ कोटी वर्षांचा. आपला पोक्त सूर्य अकरा वर्षांनी चुंबकी शक्तीने भरतो, ओसरतो. या पोरसवद्या ताऱ्याला तेवढा धीर नाही. तो दोन वर्षांतच भरतो, ओसरतो, असं तिचं म्हणणं. भरला की त्याच्याभोवतीचा वायू तापतो, क्ष-किरण फेकतो. आपली हवा ते किरण खाली येऊ देत नाही. आकाशातलं यान ते मोजायचं. दर चार महिन्यांनी एक मोजणी, दर मोजणीचा एक ठिपका.

आकडे संगणकात असत. पण ठिपका ती कागदावर देई, घरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या लांब आलेखावर. आधी पेन्सिलीने. मग दोनदा पडताळून जनार्दनला हाक. “अहो, शाई तुम्ही भरा. तुमचा हात हलत नाही.” तो भरायचा, ती पेन्सिलीच्या खुणा पुसायची. नऊ वर्षांत ठिपक्यांची लाट झाली होती. चढती, उतरती, पुन्हा चढती.

हे कळून काय मिळणार, असं त्याने एकदा विचारलं होतं. “तुम्ही शेजारच्यांच्या आंब्याचा मोहोर बघत बसता, तेव्हा मी विचारते का?” ती म्हणाली होती.

तेराव्याचे पाहुणे जेवून गेले. घर उन्हासारखं रितं झालं. त्याने कपाट उघडलं. सत्ताविसावा ठिपका पेन्सिलीचाच राहिला होता, सगळ्यांच्या वर, एकटा. शेजारी एक फिकट रेघ, एक पुसट आकडा. तिचं काम अर्धं राहू नये, एवढंच त्याच्या मनात आलं. त्याने शाई भरली. हात हलला नाही. मग तिच्यासारख्याच, हळुवारपणे, बाजूच्या खुणा पुसल्या.

आठवड्याने तिची विद्यार्थिनी तब्बसुम आली. मॅडमचा शेवटचा शोधनिबंध तिला पुरा करायचा होता. कपाटापुढे ती बराच वेळ उभी राहिली.

“काका, इथं बाजूला काही लिहिलं होतं?”

“होतं. पुसलं मी.”

ती खाली बसली. त्या मोजणीच्या वेळी तारा काही तास भडकला होता, तिने समजावलं. ते तास वगळल्यावरच त्याचं नेहमीचं तेज कळणार. कुठून वगळायचं हे मॅडमनी बेंगळुरूला जायच्या आदल्या दिवशी ठरवलं होतं, आणि तिथेच टिपलं होतं.

“हा त्याचा भडका आहे, काका. स्वभाव नाही. हा ठिपका असाच ठेवला तर लाट मोडते.”

“पुन्हा हिशेब होईल ना?”

“होईल. पण तो माझा असेल.”

आकडा त्याने पाहिला होता. पुसण्याआधी बोटही ठेवलं होतं त्यावर. साताने सुरू होत होता की एकाने, आठवेना.

जाताना तब्बसुमने कंपासातलं ब्लेड काढून त्याच्या हातात दिलं. शाई तुम्हीच खरवडून काढा, म्हणाली.

आता बाहेर वैशाख आहे. भर उन्हातही तो तारा वर कुठेतरी आहे. भरतो आहे, ओसरतो आहे. कपाटाचं दार उघडं आहे. जनार्दन ब्लेड धरून उभा राहतो, आणि पितळ कातणारा त्याचा हात हलतो. रोज हलतो.

सुमतीने दिलेला शेवटचा ठिपका कागदावर तसाच आहे. उंच, काळा, चुकीचा. तो खरवडायचा राहिला आहे.