पाठीतून उघडणारा कोट

रविवारी सकाळी ती बाबांना मंत्री करत होती. नाटक-मालिकांचे कपडे करणं हे तिचं काम. आज तिला पाहायला पाहुणे येणार, म्हणून आईच्या हट्टाखातर तिने एका नाटकासाठी स्वतः शिवलेला मंत्र्याचा कोट कपडेपटातून घरी आणला होता. बाबा टपाल कचेरीतून निवृत्त झालेले. कोटात ते थेट शपथविधीला निघाल्यासारखे दिसत होते.

पाहुणे आले. मुलाच्या वडिलांना पाहून ती चहाच्या ट्रेसकट दारातच थबकली. त्यांचा कोटही तिनेच शिवला होता, त्याच नाटकासाठी. त्यातला उद्योगपती प्रेक्षकांदेखत कंगाल होतो. कपडे झटकन उतरावेत म्हणून कोट पाठीत उभा कापून वेल्क्रोच्या चिकटपट्टीने जोडलेला, शर्ट नि टाय कोटालाच शिवलेले. प्रयोग नसला की कपडे भाड्याने जातात, हे तिला ठाऊक होतं. गिऱ्हाईक आज दिसलं.

घरी आलेल्या माणसाची शोभा कशाला करा, म्हणून तिने चहा पुढे केला.

आम्ही हुंडा घेतच नाही, असं मुलाच्या वडिलांनी आधीच सांगून टाकलं. मग जे ते घेत नव्हते ते एकेक निघू लागलं: फ्लॅट, सोनं, गाडी. मुलगा बिस्किटं खात होता. बाबा प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. राहतं घर विकल्याशिवाय यातलं काहीच जमणार नव्हतं.

"बाबा, घर विकायचं नाही," ती कुजबुजली.

"तू गप गं. मोठी माणसं आहेत."

"गाडी लहान नको," मुलाचे वडील म्हणाले. "निदान एवढी तरी." आणि त्यांनी दोन्ही हात पसरले.

चर्रकन आवाज झाला. कोट, शर्ट, टाय सगळं एकदम मांडीवर आलं. वर फक्त गंजी उरली, तिलाही बगलेत भोक. आईने काही न सुचून बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

"पप्पा, हात वर करू नका म्हटलं होतं मी," मुलगा म्हणाला.

"ते असू दे रे," गंजीतून उत्तर आलं. "गाडीचं काय ठरलं?"

तिने ट्रे खाली ठेवला. "काका, कोट इथेच ठेवून जा. उद्या प्रयोग आहे. लग्न नाही."

आईने कपाळाला हात लावला. बाबा मात्र उठले. आपल्या कोटाची बटणं सावकाश काढली, कोट नीट घडी करून लेकीच्या हातात दिला आणि जुन्या, कॉलर विरलेल्या सदऱ्यात पाहुण्यांसमोर उभे राहिले.

"हा कोट उसना होता," ते म्हणाले. "घर माझं आहे. ते मिळणार नाही."

हात पसरून गाडीची लांबी दाखवणारे आपल्याही बैठकीत येतात. त्यांचे कोट पाठीतून उघडत नाहीत. त्याची वाट पाहत बसू नये. आधी आपला उसना कोट उतरवावा.