सातव्या पाटावरची सुपारी

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. संध्याकडे उद्यापन होतं आणि पोथी वाचायला मी. रोह्याच्या आमच्या आळीत गुरुवारची कहाणी मीच वाचते. आवाज माझा बारीक, तरी बायका गप्प बसून ऐकतात. ऐकलेलं जातं कुठं, ते देवीलाच ठाऊक.

सात कुमारिका जेवायच्या होत्या. सहा जणी परकर-पोलकी घालून पाटांवर बसल्या होत्या. सातव्या पाटावर, विड्याच्या पानावर, एक सुपारी ठेवलेली.

"ही कोण गो?" मी विचारलं.

"सातवी," संध्या म्हणाली. "भटजींना फोन केला. मुलगी मिळत नसेल तर सुपारी चालते म्हणाले."

"वरच्या मजल्यावरची सुरभी कुठं गेली? तिला तू स्वतः आवतण दिलंस ना?"

"दिलं हो काकू. पण मग आठवलं. गणपतीत आरती सुरू झाली तर कान दाबून किंचाळत सुटलेली. देवीच्या कार्यात विघ्न कशाला?"

सुरभीला ऑटिझम आहे. तिच्या आईनं, शिल्पानं, आळीतल्या एकेकीला समजावून सांगितलंय: झांजा-घंटेचा आवाज तिला सोसत नाही, मुद्दाम करत नाही ती. बायका माना डोलावतात. मग विचारतात, "दृष्ट काढलीस का गो?"

तेवढ्यात त्या दोघी दारात आल्या. सुरभीला नवा परकर, शिल्पाचा चेहरा फुललेला. लेकीला कुणी पानावर बोलावलं ते पहिल्यांदाच. संध्या लगबगीनं पुढं झाली आणि शिल्पाच्या हातात डबा कोंबला.

"घरीच भरव गो बाय, निवांत. इथं गर्दी हाय."

शिल्पानं आत पाहिलं. पाट पाहिला, सुपारी पाहिली. "बरं," म्हणाली आणि मुलीला घेऊन जिना चढली.

"वाईट नाय ना वाटलं तिला?" संध्यानं मलाच विचारलं.

एवढे उपास, एवढी सोवळी, आणि अक्कल ही एवढी! खरंच, सुपारीसारखी कुमारिका नाही. किंचाळत नाही, सांडत नाही, तिच्या आईला तोंड दाखवावं लागत नाही.

मी पोथी फडक्यात बांधली.

"काकू, कहाणी?"

"तुझ्या सातवीला सांग वाचायला," मी म्हणाले आणि वर गेले.

शिल्पा ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. डबा तसाच.

"सुरभीचे पाय धुवू का गो?"

"नको काकू. अंगाला हात लावलेला नाय सोसत तिला."

"कुंकू?"

"तेपण नाय."

"मग तिला आवडतं काय?"

शिल्पा वळून बघतच राहिली. आळीत हे तिला कुणी विचारलं नसावं.

"कोरडा भात. वरण वेगळ्या वाटीत. आणि कुणी बघत बसलेलं नको."

तसंच वाढलं. लांबूनच नमस्कार केला, बाजूला तोंड करून बसले आणि माझा उपास तिथंच सोडला. सुरभी पंख्याकडे बघत, गुणगुणत जेवत होती. देवीची काही हरकत दिसली नाही.

थोड्या वेळानं संध्या धापा टाकत दारात.

"काकू, बायका खोळंबल्यात! बरं, आणा तिलापण. घंटा नाय वाजवत, झालं?"

मी शिल्पाकडे बघितलं. उत्तर तिनं द्यायचं होतं.

"ती जेवतेय, वहिनी," शिल्पा म्हणाली. "मधेच उठवणार नाय मी तिला. आणि जरा हळू बोला."

संध्याला असं कुणी सुनावलेलं मला तरी आठवत नाही. मी आणखी थोडा भात घेतला.