भिंतीचा मुका

"पोरी, उद्या गवंडी येणार. मग बस सिमेंट उकरत," ख्रिस्ती मठातले सगळ्यांत म्हातारे साधू अबूना, म्हणजे फादर, सरापामून म्हणाले.

वेरीना भिंत खरवडत राहिली. जुनी चित्रं जपणं हे तिचं काम; कैरोहून येऊन महिनाभर ती इथल्या गिलाव्याखालचं जुनं भित्तिचित्र शोधत होती. मठप्रमुखांचा शब्द होता: चित्र दाखव, सिमेंट थांबवतो. कच्च्या विटांच्या या चर्चला सिमेंट म्हणजे गळ्याला फास. आत ओल कोंडून, खार धरून भिंत सुटली असती. तिनं वेदीमागे खरवडलं, घुमटात खरवडलं, आणि निघाली काय, तर माती.

"चित्र आहे हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

"माझ्या गुरूंनी. त्यांना त्यांच्या गुरूंनी."

"छान. म्हणजे सगळं ऐकीव."

तेवढ्यात सकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली. दाराशी जोडे काढून साधू आत शिरले. प्रत्येकानं डावीकडच्या भिंतीला हात लावून बोटं ओठांना टेकवली. मागोमाग वेरीनानंही तेच केलं आणि ती जागीच थबकली. लहानपणी आईनं शिकवलेलं: चित्रातल्या संताच्या पायांना हात लाव, मग बोटांचा मुका घे. पण इथे संत कुठाय?

"अबूना, इथे हात का लावता?"

"सगळे लावतात म्हणून."

"कोऱ्या भिंतीला?"

अबूनांनी वळून भिंतीकडे पाहिलं. वेरीना अनवाणीच सुरी आणायला धावली. स्तोत्रं अर्धवट राहिली ती राहिलीच.

हातांनी गुळगुळीत झालेला गिलाव्याचा पापुद्रा तिनं अख्खा सोडवला. मग तिथून वर खरवडत गेली. आधी लाल झगा दिसला, मग पुस्तक धरलेला हात, आणि दुपारपर्यंत टपोऱ्या डोळ्यांचा अख्खा संत. फक्त झग्याच्या खाली, सगळ्यांचा हात लागायचा तिथे, उघड्या विटा होत्या.

"पाय कुठायत? चित्रकारानं अंगचोरी केली वाटतं," मठप्रमुख म्हणाले.

"काढले होते की. आपल्याच थोरल्यांनी मुके घेऊन संपवले," अबूना हसत सुटले. हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले.

गवंड्यांना तिथल्या तिथे नको म्हणून निरोप गेला. वेरीनानं चित्रापुढे दोरी बांधली आणि बजावलं, "आता कुणी हात लावायचा नाही. उरलेला रंगही जाईल."

संध्याकाळच्या प्रार्थनेला अबूनांचा हात सवयीनं उठला आणि दोरीपाशी अडला.

"वा गं पोरी. संत दिलास आणि आम्हाला उपाशी ठेवलंस."

वेरीनाला ते लागलं. ती आत गेली, सकाळचा तो गुळगुळीत पापुद्रा घेऊन आली आणि दोरीच्या अलीकडे स्टुलावर ठेवला. अबूनांनी त्यावर हात टेकवला, बोटं ओठांना लावली आणि मागच्या साधूला जागा करून दिली.