पेन्सिलीचा ठिपका

आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी काडीने माझे झाकण उघडले. आत एकच अंडे होते, त्रेचाळीस दिवसांचे. त्याला खळी पडली होती.

मित्रांनो, मी आइस्क्रीमचा एक जुना डबा आहे, अर्ध्या लिटरचा. मला वाचा असती तर हे सारे मी सत्तावीस दिवसांपूर्वीच सांगून टाकले असते. आता सांगून उपयोग किती, ते मला माहीत नाही.

माझा जन्म साच्यातला. आमच्यासारखे डबे त्या यंत्रातून शेंगा सोलल्यासारखे पडत असत. ज्या कामासाठी मी घडलो ते काम एका संध्याकाळी, चार चमच्यांत संपले. मग मला धुऊन एका घड्याळजींच्या कपाटात ठेवले गेले. त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजे दुकान आणि मागच्या दोन खोल्या म्हणजे संसार. त्या संसारात ते, त्यांची बारा वर्षांची मुलगी आणि त्यांची थोरली बहीण. मुलगी इतकी बारीक की सगळे तिला काडीच म्हणतात. कपाटात मी सहा वर्षे मोडक्या घड्याळांचे पट्टे सांभाळले. आत्याने मला दोनदा कचऱ्यात टाकले, दोन्ही वेळा घड्याळजींनी उचलून आणले. "कधीतरी लागतो," एवढेच ते म्हणत.

लागलो, तो दोन वर्षांपूर्वी. काडीच्या वर्गशिक्षिका परगावी निघाल्या. त्यांनी पाळलेली अनोल सरड्यांची जोडी काचेच्या पेटीसकट काडीकडे आली. बोटाएवढे, पोपटी रंगाचे दोन जीव. नर सारखा फांदीवर छाती वरखाली करायचा आणि गळ्याखालची लाल पिशवी पंख्यासारखी उघडायचा. तो साहेब झाला. मादी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसे. ती मॅडम झाली.

"हुबेहूब तुझ्या बाबांवर गेलाय," आत्या म्हणाली. "नुसता रुबाब. काम कोण करतंय, मॅडम!"

"आक्का, ऐकू येतं हं मला," घड्याळजी दुकानातून म्हणाले.

"यावं म्हणूनच बोलले."

माझे पहिले काम जेवणाचे होते. काडी माझ्यात चार रातकिडे सोडायची, चिमूटभर कॅल्शियमची पांढरी पावडर टाकायची आणि झाकण लावून मला हलकेच हलवायची. किडे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे बाहेर पडत. ही पावडर पोटात गेली नाही तर मादीची हाडे ठिसूळ होतात, कारण अंड्याच्या कवचाला लागणारे कॅल्शियम तिच्याच हाडांतून जाते. त्या किड्यांनाही आधी गाजराचा कीस खाऊ घालावा लागे. तो कीस आत्या करायची आणि करताना बडबडायची, "आलेल्या माणसाला पाणी विचारायला सवड नाही, आणि किड्यांना पंगत!" पण कीस बारीक असे.

मॅडम एका वेळी एकच अंडे घालायची, कुंडीतल्या ओल्या मातीत उकरून. पहिले अंडे कुणाला कळलेच नाही. पिल्लू बाहेर आले तेव्हा साहेबांनी ते किडा समजून खाल्ले. काडीला फक्त शेपटी दिसली. ती दिवसभर जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला घासून पुसून माझ्यात ओलसर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरले. मुठीत दाबले तर गोळा व्हावा, पण थेंब गळू नये, इतकेच ओले. झाकणाला सुईने सहा भोके पाडली आणि मला दुकानाच्या फळीवर, दिव्याशेजारी ठेवले. तिथे तापमापी दिवसभर अठ्ठावीस अंश दाखवायची.

त्यानंतरचे प्रत्येक अंडे ती चमच्याने उचलून माझ्यात ठेवायची आणि त्याच्या वरच्या अंगाला पेन्सिलीने ठिपका करायची. आतला जीव एका बाजूला धरून वाढतो. अंडे उलटले तर तो गुदमरू शकतो. ठिपका वर, म्हणजे सारे ठीक. झाकणावर तिने लिहिले होते: "हलवू नका. उलटू नका."

माझ्यातून पहिले पिल्लू एकोणचाळिसाव्या दिवशी निघाले, दुसरे एकेचाळिसाव्या. आगकाडीएवढे. सडक्या केळ्यावर वाढवलेल्या चिलटांवर दोन्ही पोसली गेली. "डबा पायगुणाचा आहे," आत्या म्हणाली. मित्रांनो, मला कचऱ्यात टाकणाऱ्या हातांनीच ती मला पुसत होती. मी किती फुगलो असेन!

ठरल्याप्रमाणे ती दोन पिल्ले मोठी करून काडीने वर्गशिक्षिकांना पाठवली. पुढचे तिचे स्वतःचे असणार होते. माझ्यातल्या तिसऱ्या अंड्याला खळी पडली आणि मग बुरशी आली. चौथे घातल्यानंतर नवव्या दिवशी मॅडम कुंडीच्या कडेला निपचित पडलेली सापडली. तिचे वय झाले होते. काडी रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "आता हे एकच."

सोळाव्या दिवशी, दुपारी साडेतीनला, दुकानात कुणी नव्हते. घड्याळजींनी माझे झाकण उघडले. त्यांना फक्त बघायचे होते. डोळ्याला भिंग लावून, दोन बोटांत अंडे धरून त्यांनी ते दिव्यासमोर नेले. आत लालसर रेषांचे जाळे दिसले असावे. ते स्वतःशीच हसले. आणि मग बोटे आपोआप फिरली. घड्याळ हाती आले की ते उलटायचे आणि पाठीकडून उघडून बघायचे, हा त्यांच्या हातांचा तीस वर्षांचा नियम. त्यांनी अंड्याचीही पाठ बघितली.

तेवढ्यात गिऱ्हाईक आले. अंडे माझ्यात परत आले, पण ठिपका खाली. चाळीस मिनिटांनी त्यांनी पुन्हा झाकण उघडले, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी अंडे हळूच फिरवले, ठिपका वर केला आणि झाकण लावले.

संध्याकाळी काडीने वहीत लिहिले: "सोळावा दिवस. ठिपका वर. ठीक."

माझे झाकण सैल आहे, एका बोटाने उघडते. त्या दुपारी ते जरा घट्ट बसले असते तर, हा विचार मला सोडत नाही. घड्याळजींनाही काही सोडत नसावे. ते दिवसातून दहादा तापमापी बघू लागले. एकदा त्यांनी विचारले, "काडे, समजा चुकून कुणी उलटलंच, तर?"

"कोण उलटणार बाबा? हात लावणारी मी, आणि राखण करणारे तुम्ही."

त्यांनी चष्मा पुसला. स्वच्छ होता, तरी पुसला.

मित्रांनो, नाजूक वस्तू सांभाळा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढेच म्हणेन, की हातून चूक झाली तर ठिपका वर करून गप्प बसू नका. ठिपका सांगतो तेवढेच बघणारा खरे मानतो.

आणि आजची ही खळी. माझ्यातल्या पहिल्या दोन अंड्यांना पिल्लू निघण्याच्या आदल्या दिवशी अशीच पडली होती. बुरशी आलेल्या तिसऱ्यालाही अशीच.

"बाबा, खळी," काडी म्हणाली. "उद्या येईल बहुतेक. नाहीतर…"

घड्याळजींनी हातातला चिमटा खाली ठेवला. आत्या दारात येऊन थांबली.

"काडे, इकडे बस जरा," ते म्हणाले. "मला तुला एक सांगायचंय. त्या सोळाव्या दिवशी…"

सात वाजून चौदा मिनिटे झाली आहेत. अंडे हललेले नाही. माझे झाकण अजून काडीच्या हातात आहे.