पायलटचा सल्ला

बंदरात त्यांना सगळे सरकार म्हणायचे. हे नाव मुळात त्यांच्या बायकोने ठेवलेलं, तेही वैतागून. पण घरातलं नाव धक्क्यावर पोचायला कितीसा वेळ लागतो? सरकार पायलट होते. विमानाचे नव्हे, बंदराचे. बाहेरून आलेल्या जहाजाला इथलं पाणी कुठे उथळ आणि ओढ कुठे जास्त ते ठाऊक नसतं, म्हणून हा माणूस छोट्या लाँचने जाऊन दोराच्या शिडीने वर चढतो आणि जहाज धक्क्याला लावून देतो. सरकार हे काम इतकी वर्षं करत होते, की बंदर आपल्याला हुंड्यात मिळालंय असंच त्यांच्या बोलण्यावरून वाटावं. घरातही तोच कारभार. पंखा कितीवर ठेवायचा, कुठली खिडकी उघडायची, सुनेने कामावर कुठल्या रस्त्याने जायचं, सगळ्याचे हुकूम सुटत. कोणी ते मोडत नसे, कारण मोडण्यापेक्षा पाळण्यात कटकट कमी होती.

त्या दिवशी ते दुपारी जेवायला आले तेच खुशीत. हात धुऊन टेबलाशी बसले आणि किस्सा सुरू केला.

"आजचा कप्तान म्हणजे अगदीच गरीब गाय. पहिल्यांदाच आलाय आपल्याकडे. छोट्या बोटी बांधतात तिथपर्यंत आलो, तर मला म्हणतो, पायलटसाहेब, वेग जरा जास्त वाटतोय. मी लक्षच दिलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग मी म्हटलं, कप्तान, हे बंदर मला पाठ आहे. तुम्ही चहा घ्या."

बायको हसली, मुलगा हसला. वाढता वाढता सूनही हसली.

"मग घेतला का त्याने चहा?" तिने विचारलं.

"घेतला की. दोन्ही हातांत कप धरून उभा राहिला, पाहुण्यासारखा."

एवढ्यात सुनेचा फोन वाजला. तिच्या वडिलांच्या बोटीवरचा माणूस बोलत होता. एक जहाज भरधाव गेलं आणि त्याच्या मागून आलेल्या लाटेने बांधलेल्या बोटींचे दोर तटातट तुटले. तिच्या वडिलांची बोट दगडी धक्क्यावर आपटून फुटली. ती आवरायला ते धावले, तेव्हा त्यांचा हात बोट आणि भिंत यांच्या मध्ये सापडला.

सून चपला घालून धावत सुटली. सरकारांच्या हातातला घास हातातच राहिला. कुठलं जहाज, हे कोणी विचारलं नाही.

व्याह्यांच्या हाताची दोन बोटं गेली. ते मुळात अबोल; इस्पितळात सरकार भेटायला गेले, तर त्यांनीच खुर्ची पुढे करायला सांगितलं. "बसा ना. लाट कोणाला सांगून येते का," म्हणाले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. सुनेने सांगितलं नव्हतं. सरकार बसले, आणि धरणीने पोटात घ्यावं असं त्यांना वाटलं. पण धरणी असल्या कामाला कधी येत नाही.

चौकशी बसली. भरपाई जहाजाच्या मालकाकडून मिळणार, हे पहिल्याच दिवशी ठरलं. त्यात वाद नव्हता. वाद होता तो दोष कोणाचा याचा. ज्याचा दोष, त्याचा परवाना जाणार. कप्तानाचा गेला तर त्याला पुन्हा कोणी जहाज देणार नव्हतं. सरकारांचा गेला तर निवृत्तीच्या तोंडावर नाव मातीत जाणार होतं. जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून ते चालवतात त्या वरच्या खोलीत, बोललेलं सगळं टिपणारं यंत्र असतं. या जुन्या जहाजावरचं ते बंद पडलं होतं. आता काय बोलणं झालं ते फक्त दोन माणसांना ठाऊक होतं.

दोनच म्हणायचं झालं तर. सरकारांच्या जेवणाच्या टेबलाभोवती आणखी तीन होती.

बंदराच्या वकिलाने सरकारांना साक्षीच्या आदल्या दिवशी बोलावून घेतलं. वकील गोड बोलणारा, केस चापून बसवलेला.

"साहेब, एक शब्द लक्षात ठेवा. सल्ला. कायद्याने जहाज शेवटपर्यंत कप्तानाच्याच ताब्यात असतं. पायलट हुकूम देत नाही, सल्ला देतो. तो मानायचा की नाही, हे कप्तानाने ठरवायचं. तुम्ही फक्त सल्ला दिलात."

घरी येऊन सरकारांनी हा शब्द बायकोच्या कानावर घातला, तर तिला हसू आवरेना. "तुम्ही? सल्ला? अहो, लग्नाला इतकी वर्षं झाली, मला एकदा तरी दिलात का?" मग सुनेकडे लक्ष गेलं आणि तिचं हसू विरलं.

चौकशीची खोली लहान होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, करकरणाऱ्या खुर्च्या. हाताला पट्टी बांधलेले व्याही मागे बसले होते आणि त्यांच्या शेजारी सून. आधी कप्तानाला विचारलं. तो हळू आवाजात म्हणाला, "वेगाबद्दल मी दोनदा बोललो. पण जहाज माझं होतं. इंजिन मंद करायला मी स्वतः हात घालायला हवा होता. नाही घातला." एवढंच. चहाचं त्याने नावही काढलं नाही. समोरच्या माणसाची अब्रू त्याने झाकली होती, आणि त्या माणसाला ते कळत होतं.

मग अध्यक्षांनी सरकारांकडे पाहिलं. "कप्तान वेगाबद्दल बोलल्याचं तुम्ही ऐकलंत?"

सरकारांनी वकिलाकडे पाहिलं. व्याह्यांकडे पाहायचं त्यांनी टाळलं.

"ऐकू आल्याचं आठवत नाही," ते म्हणाले.

सुनेने खाली मान घातली. सरळ कानांवर हात ठेवले होते त्यांनी, तेही तिच्यादेखत. निकाल सोमवारी लागेल असं सांगून अध्यक्ष उठले. बाहेर व्याही म्हणाले, "दमलात तुम्ही. घरी जाऊन पडा जरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेपर वाचत होते. सून समोर येऊन उभी राहिली आणि शेजारच्या घरातही कळावं एवढ्या मोठ्याने म्हणाली, "बाबा! आंघोळीचं पाणी काढलंय!"

सरकार दचकले. थोड्या वेळाने पुन्हा, "बाबा! नाश्ता झालाय! येताय ना?"

"का गं ओरडतेस?" सासूने विचारलं.

"अहो आई, बाबांना हल्ली ऐकू येत नाही ना." चेहऱ्यावर चेष्टेचा लवलेश नव्हता. बशी तिने नेहमीसारखी अदबीने त्यांच्यासमोर ठेवली.

शनिवार असा गेला. रविवारीही तेच. मुलगा खोलीतून बाहेर येईना. सासू सुनेला रागावली नाही, हे सरकारांच्या जास्त जिव्हारी लागलं. त्यांनी एकही हुकूम सोडला नाही. पंखा कितीवरही फिरत होता. आपली लाज वाटते आहे, असं त्यांनी मनाशी स्पष्ट म्हणून पाहिलं, आणि त्याने ती तसूभरही कमी झाली नाही.

सोमवारी सकाळी ते वकिलाच्या ऑफिसात गेले. चौकशीची खोली त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर होती.

"मला साक्ष बदलायची आहे," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला, इतका हळू आला.

वकील कागद चाळत होता. "आता सगळं आटोपत आलंय साहेब."

"मला ऐकू आलं होतं. तो दोनदा बोलला होता."

वकिलाने मान वर केली, हसला, आणि शिपायाने आणलेला कप त्यांच्याकडे सरकवला. "असली प्रकरणं मला पाठ आहेत. तुम्ही चहा घ्या."

सरकारांनी कपाला हात घातला. तो चांगला गरम होता. दोन्ही हातांत तो धरून ते क्षणभर तसेच बसले, आणि मग आपण कसे बसलो आहोत ते त्यांच्या ध्यानात आलं. मानेपासून कानापर्यंत त्यांना चटका बसला. त्या माणसाने असाच कप धरला होता, काचेतून पुढच्या बोटी दिसत असताना. हा किस्सा आपण चवीने सांगितला होता, आणि तोही कोणापुढे.

त्यांनी कप खाली ठेवला आणि उठले.

"कुठे निघालात?" वकिलाचा गोडवा कमी झाला. "परवाना जाईल तुमचा. व्याही तोंड पाहणार नाहीत. माझं ऐका, बसा."

"हा सल्लाच ना?" सरकारांनी विचारलं.

सरकार जिना चढले. गुडघे कुरकुरत होते. दोराच्या शिडीवर ते कधी कुरकुरले नव्हते.

वर खोलीचं दार बंद होतं. बाहेरच्या बाकावर कप्तान एकटा बसला होता, पायांशी बॅग, इस्त्री केलेला शर्ट. सरकारांना पाहताच तो उठून उभा राहिला आणि बाकावर त्यांना जागा करून दिली. सरकार बसले नाहीत.

"कप्तान," ते म्हणाले, "मी आत सांगायला चाललोय. पण आधी तुम्हाला सांगतो. तुम्ही त्या दिवशी बोललात ते मला ऐकू आलं होतं."

"मला माहीत आहे, पायलटसाहेब," कप्तान नेहमीच्या हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही उत्तर दिलं होतंत."